बँकॉक-फुकेतला दागिने आणि कॅमेरा घेऊन चाललोय, ट्रॅव्हल इन्शुरन्स घेतला की पुरे का?

तुम्ही लिहिलंय की दिवाळीच्या सुट्टीत इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने मुंबई आणि तिथून विमानाने थायलंड, सोबत वहिनींचं मंगळसूत्र, पाटल्या आणि नवा कॅमेरा. मी इंदुरातच जनरल इन्शुरन्सचं काम करतो, सीझनला हा प्रश्न येतोच येतो. तर भिया, नाही पुरत.

ट्रॅव्हल पॉलिसी मुळात दवाखान्याच्या खर्चासाठी असते. त्यात 'बॅगेज' लिहिलेलं दिसलं की लोक खूश होतात, पण ते बहुतेक करून चेक-इन केलेली अख्खी बॅग विमान कंपनीने हरवली तरच, आणि त्यातही दागिने, रोकड सहसा बाहेर, कॅमेरा-लॅपटॉपचंही बऱ्याचदा तेच, वरून एकेका वस्तूला वेगळी लिमिट. बीचवर कुणी गळ्यातलं ओढून नेलं तर ती पॉलिसी बघत बसायची. सामानाबाबत विमान कंपनीची जबाबदारी मॉन्ट्रियल करारात (आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाचा करार) बांधलेली आहे, २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक), म्हणजे आपल्या पावणेदोन लाखांच्या आसपास, पण ती कमाल मर्यादा, तेवढे मिळतातच असं नाही. बॅग आली नाही तर विमानतळावरून बाहेर पडायच्या आधी पीआयआर (बॅग हरवल्याची विमान कंपनीकडची लेखी तक्रार) लिहून घ्या, नंतर फोन करून काम अवघड होतं.

रेल्वेचं तर विचारूच नका. आयआरसीटीसीवर जो ४५ पैशांचा विमा टिक करतो आपण, तो माणसाचा आहे, सामानाचा नाही. आणि १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १०० सांगतं की स्वतःजवळ ठेवलेलं सामान गेलं तर रेल्वेचा निष्काळजीपणा तुम्ही सिद्ध करायचा. तरी चोरी झालीच तर रतलाम-वडोदरा येईपर्यंत वाट बघू नका, टीटीईकडून एफआयआरचा फॉर्म मागा नाहीतर रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ ला, फोन लावा, कारण एफआयआरशिवाय कुठलाच क्लेम पुढे सरकत नाही.

मग खरं कव्हर कुठे? घराच्या पॉलिसीत. हाउसहोल्डर पॉलिसीत दागिने आणि मौल्यवान वस्तूंसाठी 'ऑल रिस्क' नावाचा भाग वेगळा घेता येतो, त्यात अंगावरचा दागिना घराबाहेर असला तरी चालतो. पण बऱ्याच पॉलिसींत हे भारतापुरतंच असतं, थायलंडसाठी निघायच्या आधी एन्डोर्समेंट (पॉलिसीत लेखी बदल) करून घ्या आणि ते कागदावर घ्या, एजंटच्या तोंडी 'हो हो होऊन जाईल' वर जाऊ नका (मी स्वतः एजंट आहे तरी सांगून राहिलोय).

यादी मात्र नीट द्या. 'सोन्याच्या पाटल्या, २ नग' एवढं लिहून पाठवतात लोक! वजन, कॅरेट, फोटो, बिल, आणि बिल नसेल (आजीच्या दागिन्यांचं कुठून असणार) तर सराफ्यातल्या व्हॅल्युअरकडून सर्टिफिकेट. कॅमेऱ्याचा सीरियल नंबर लिहा, लेन्सचा वेगळा. आणि एक बारीक कलम बघा, जोडीतला एकच झुमका हरवला तर पैसे त्या एका झुमक्याचेच मिळतात, जोडी मोडली म्हणून पूर्ण सेटचे नाही. हॉटेलच्या खोलीत उघड्यावर टाकून गेलात किंवा बंद गाडीच्या सीटवर ठेवलंत तर 'काळजी घेतली नाही' म्हणून क्लेम अडकतो, हे तर जवळजवळ ठरलेलंच.

माझं विचाराल तर पाटल्या लॉकरमध्येच राहू द्या, फुकेतला कोण बघणार आहे! तसं लॉकरमध्येही बँकेच्या चुकीने किंवा कर्मचाऱ्याच्या लबाडीने गेलं तर भरपाई वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंतच, म्हणून तिथल्या दागिन्यांचंही कव्हर घरच्या पॉलिसीत मिळतं का ते त्याच वेळी विचारा.

नेणारच असाल तर मुंबईला कस्टम्सकडून जाताना एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, दागिने आणि कॅमेरा दोन्हीचं, नाहीतर परतताना कस्टम्सवाला विचारेल की हे तिकडे घेतलं का, आणि जुन्या बिलाचा फोटो शोधत मोबाईल चाळत उभं राहावं लागेल. बॅग चेक-इन करायच्या आधीच जा, वस्तू प्रत्यक्ष दाखवाव्या लागतात.