वाचकांचे प्रश्न: तापवून वाकवलेला पाइप, ग्राइंडरने कापलेला बॉक्स

प्रश्न : फ्लॅटमध्ये कन्सील्ड वायरिंग नव्याने चालू आहे. वायरमन पीव्हीसी पाइप टॉर्चने तापवून वाकवतो, बेंड (वळणासाठीचा तयार जोड) कापून आखूड करतो आणि स्विचच्या मेटल बॉक्सला ग्राइंडरने हवी तिथे भोकं पाडतो. ‘सगळीकडे असंच करतात,’ म्हणतो. प्लॅस्टरच्या आधी काय काय थांबवायला हवं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : आधी तापवलेला पाइप थांबवा. टॉर्चची आच एकाच जागी लागते. पाइप आतल्या अंगाला चेपतो, बाहेरच्या अंगाला ताणून पातळ होतो. २० मिमीचा पाइप बाहेरून ठीक दिसतो, पण वळणावर आतली वाट अंडाकृती झालेली असते. तिथे वायर ओढताना अडते, मग जोर लावला जातो आणि इन्सुलेशन खरवडतं. हे त्या दिवशी कळत नाही. भिंतीत ओल उतरली की एमसीबी किंवा आरसीसीबी (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडू लागतो.

२० आणि २५ मिमीचे पाइप आत बेंडिंग स्प्रिंग घालून थंडच वाकवता येतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या विनिर्देशांनुसार वळणाची त्रिज्या किमान ७.५ सेंमी हवी आणि एका आउटलेटपासून दुसऱ्यापर्यंत चारपेक्षा जास्त काटकोनी वळणं नकोत. ते सरकारी कामांसाठी असले, तरी घरच्या कामालाही हाच हिशेब धरावा. जागा नसेल तर तयार बेंड किंवा मधे जंक्शन बॉक्स घाला.

बेंड कापून आखूड केला की पाइप जिथे सोल्यूशन लावून बसतो तो सॉकेटच कमी होतो. सांधा उघडा राहिला तर सिमेंटचं पाणी आत शिरतं आणि सुकून गाठ होते. नंतर तिथून वायर जात नाही. जागा कमी असेल तर बेंड कापू नका, पाइप कापा. तोही हॅक्सॉने सरळ कापून, आतली कोर कानशीने घासून.

आता मेटल बॉक्स. कारखान्यातून आलेली नॉकआउट (बॉक्सवर आधीच अर्धवट कापलेली गोल झाकणं) तोडणं हा फेरफार नव्हेच, ती त्यासाठीच असतात. नवं भोक पाडायची वेळ आली तर ग्राइंडर नको, २० मिमी पाइप बॉक्सला जोडणाऱ्या ॲडॉप्टरला बेताचं भोक पाडेल असं होल-सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) घ्या. कड कानशीने गोल करा, उघड्या पत्र्यावर झिंक रिच प्रायमर (गंज रोखणारा जस्ताचा रंग) लावा (कोकणपट्टीच्या दमट हवेत हे टाळू नका), मग ॲडॉप्टर आणि चेकनट घट्ट बसवा. ग्राइंडरची चीर लांब जाते, कड सुरीसारखी राहते. नको असलेलं भोक उघडं ठेवू नका, प्लग लावा.

सर्वांत जास्त लक्ष अर्थिंगच्या स्क्रूकडे द्या. जागा करायला काही वेळा तो स्क्रू ज्यावर असतो तो पत्र्याचा कानच कापला जातो. पीव्हीसी पाइप अर्थिंग वाहून नेत नाही, म्हणून प्रत्येक मेटल बॉक्सला वेगळी हिरवी वायर त्या स्क्रूवर यायलाच हवी. कान कापला असेल तर बॉक्स बदला.

प्रश्न : पण फिटिंगवर आयएसआयचा शिक्का आहे ना? थोडी काटछाट केली तर बिघडतं काय?

उत्तर : शिक्का कारखान्यातून निघालेल्या वस्तूचा आहे. पीव्हीसी कंड्युटसाठी आयएस ९५३७ भाग ३, फिटिंगसाठी आयएस ३४१९, स्विचच्या बॉक्ससाठी आयएस १४७७२. तुम्ही सॉकेट आखूड केला की तपासलेली वस्तू ती राहिलीच नाही. वायरिंगच्या कामाची आचारसंहिता आयएस ७३२ मध्ये आहे. काम परवानाधारक ठेकेदाराकडून, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हायला हवं. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं यातून वगळली आहेत.

प्रश्न : झालेलं काम कसं तपासू?

उत्तर : प्लॅस्टरआधी प्रत्येक पाइपातून पुलिंग स्प्रिंग दोन्ही बाजूंनी घालून बघा, अडलं तर तेवढा तुकडा बदला. वायर ओढून झाल्यावर, दिवे-पंखे-उपकरणं जोडण्याआधी, ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ मोजा. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ती लाइन वेगळी काढून वळणं शोधा.