एनएफएलचा ड्राफ्ट झाला की आपली टीम यंदा काय करणार हे कळतं का?

तुम्ही विचारलंय की शिकागोला येऊन सहा महिने झाले, ऑफिसात सगळे बेअर्सचे, म्हणजे एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या इथल्या टीमचे फॅन, आणि आत्तापासून एप्रिलातल्या ड्राफ्टची चर्चा चालू आहे, तर या ड्राफ्टवरून खरंच टीमचं काही कळतं का, की नुसतीच बडबड? मी सतरा वर्षं इथे नेपरव्हिलला राहतोय, मूळचा कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. फुटबॉल म्हणजे आमच्यासाठी शाहू स्टेडियम, शिवाजी तरुण आणि पाटाकडील या तालमी. सीझन सुरू व्हायच्या आधी केएसएकडे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे) खेळाडूंची नोंदणी व्हायची तेव्हा कोण कुठली तालीम सोडून कुठे गेला यावर पेठेत रात्र रात्र बसायचो आम्ही. इथला फुटबॉल वेगळा, बॉल लांबुडका, पाय कमी आणि हात जास्त, पण ड्राफ्टनंतरचा माहोल बघितला तेव्हा मला पहिल्यांदा इथे घरच्यासारखं वाटलं. म्हणून तुम्हाला जरा सविस्तर सांगतो.

आधी थेट उत्तर. येत्या एका सीझनचं विचाराल तर ड्राफ्टवरून फार काही कळत नाही. दोन-तीन वर्षांचं मात्र बरंच कळतं, पण त्यासाठी टीव्हीवर ज्याचं नाव सगळ्यात आधी पुकारतात त्याच्याकडे बघून चालत नाही, त्याच्या पुढे कोण उभं राहणार आणि त्याला शिकवणार कोण हे बघायचं. मला हे दोन वर्षांत दोनदा कळलं, एकदा रडून आणि एकदा नाचून.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे, इथे बोली लागत नाही. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या पोरांमधून ३२ टीम ठरलेल्या क्रमाने एकेक निवडतात, सात राउंड, तीन दिवस. मागच्या सीझनला जी टीम सगळ्यात वाईट खेळली तिचा नंबर पहिला. हे नंबर म्हणजेच पिक, आणि टीम एकमेकींशी त्यांची अदलाबदल करू शकतात. निवडलेल्या पोराचं चार वर्षांचं काँट्रॅक्ट होतं आणि पगार कितवा निवडला त्यावर जवळजवळ ठरलेला असतो. म्हणून चांगला क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल टाकणारा आणि सगळा खेळ चालवणारा गडी, ड्राफ्टमधून मिळाला तर लॉटरीच, कारण प्रत्येक टीमच्या एकूण पगारावर मर्यादा असते, आणि तो स्वस्तात असेपर्यंत उरलेल्या पैशात बाकीची टीम उभी करता येते.

आता आमच्या बेअर्सचं प्रकरण ऐका, यात सगळं आलं. २०२२ च्या सीझनला आम्ही १७ मॅचपैकी ३ जिंकलो. शेवटच्या दिवशी पहिला नंबर ह्यूस्टनकडे जाणार असं दिसत होतं, त्यांना फक्त इंडियानापोलिसकडून हरायचं होतं. पण ते हरलेच नाहीत, शेवटच्या मिनिटात चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला (डाऊनला) २० यार्ड हवे असताना टचडाउन, म्हणजे बॉल थेट मैदानाच्या टोकापलीकडे, वर दोन पॉइंटचा ट्राय, ३२-३१. त्यांचा कोच कोण होता माहितीये? लव्ही स्मिथ, ज्याने २००६ च्या सीझनला बेअर्सना सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या फायनलपर्यंत नेलं होतं तो. त्या रात्रीच ह्यूस्टनने त्याला काढलं, पण आमच्या पदरात पहिला पिक टाकून गेला बिचारा. इथली माणसं अजून त्याचं नाव मायेने घेतात.

तो पिक बेअर्सने वापरलाच नाही. २०२३ च्या मार्चमध्ये जनरल मॅनेजर रायन पोल्सने तो कॅरोलिनाला दिला आणि बदल्यात डीजे मूर हा रिसीव्हर (टाकलेला बॉल झेलणारा), त्या वर्षीचे दोन पिक, २०२४ चा पहिल्या राउंडचा आणि २०२५ चा दुसऱ्या राउंडचा पिक घेतला. कॅरोलिनाने ब्राइस यंग या क्वार्टरबॅकला घेतलं आणि त्या सीझनला ते २-१५ गेले, दोन जिंकले आणि पंधरा हरले, म्हणजे २०२४ चा पहिला नंबरही आमच्याकडेच आला! आणि बघा, ब्राइस यंगच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर ह्यूस्टनने सीजे स्ट्राउडला घेतलं, तोही क्वार्टरबॅकच, तर ते त्याच वर्षी १०-७ खेळून डिव्हिजन, म्हणजे आपला चार टीमचा गट, जिंकले. एकच ड्राफ्ट, शेजारशेजारचे दोन पिक, एकाचं २-१५ आणि एकाचं १०-७. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं इथेच होतं पण आम्हाला तेव्हा फक्त स्ट्राउड दिसत होता, यंग दिसत नव्हता.

मग आली २५ एप्रिल २०२४ ची रात्र. ड्राफ्ट डेट्रॉईटला होता. आमच्या बेसमेंटमध्ये पंधराएक माणसं, पोहे पण आणि पिझ्झा पण, शेजारचे दोघं-तिघं, माझा अकरा वर्षांचा मुलगा बेअर्सची जर्सी घालून टीव्हीच्या अगदी पुढ्यात. आमचा नवा क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सचं नाव पुकारलं तेव्हा सगळ्यांना आधीपासून माहीत होतं तरी आरडाओरडा झाला, आणि नवव्या नंबरवर रोम ओडुन्झे मिळाला तेव्हा तर शेजारच्या काकांनी मला उचललंच. त्यांनी १९८५ ची सुपर बोल जिंकणारी टीम बघितलेली, तेव्हापासून क्वार्टरबॅकची वाट बघताहेत. २०१७ ला बेअर्सने दुसऱ्या नंबरवर क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्कीला घेतलं होतं आणि पॅट्रिक महोम्स, जो पुढे फार मोठा क्वार्टरबॅक झाला, तो दहाव्या नंबरला कॅन्सस सिटीला गेला, ही जखम इथे अजून ओली आहे, कुठल्याही बेअर्स फॅनसमोर जपून काढा तो विषय.

त्या रात्री मुलाने वहीचं पान फाडलं, त्यावर मार्करने मोठ्ठं १२-५ लिहिलं, खाली दोघांनी सह्या केल्या आणि फ्रिजवर चिकटवलं. १२ जिंकणार, ५ हरणार. मला ते अगदी पटलेलं होतं हो, मनापासून.

आता मागे वळून बघताना दिसतं की इशारा आमच्या डोळ्यासमोर होता. त्या ड्राफ्टमध्ये बेअर्सने मिळून पाचच पोरं घेतली. पाचपैकी एक पंटर, म्हणजे लाथेने बॉल लांब मारणारा, टोरी टेलर, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पोरगा चांगलाय पण पंटर तो पंटर. आणि ऑफेन्सिव्ह लाईनसाठी, म्हणजे जे पाच धिप्पाड गडी क्वार्टरबॅकच्या पुढे भिंत करून उभे राहतात त्यांच्यासाठी, एकच, तिसऱ्या राउंडमध्ये येल युनिव्हर्सिटीचा कीरन अमेगाजी, तो पण दुखापतीतून उठत होता. आम्ही रिसीव्हर मोजत बसलो, मूर आहे, ओडुन्झे आहे, कीनन ॲलन आणलाय, आता बॉल कुणाकुणाला टाकणार! पण बॉल टाकायला क्वार्टरबॅक उभा तर राहायला हवा ना.

सुरुवात ४-२ अशी झकास झाली. मग २७ ऑक्टोबरला वॉशिंग्टनची मॅच, २५ सेकंद उरलेले असताना आम्ही १५-१२ पुढे. शेवटचा प्ले सुरू झाला तरी आमचा कॉर्नरबॅक, म्हणजे समोरच्या रिसीव्हरला अडवणारा, टायरीक स्टीव्हन्सन पाठ फिरवून प्रेक्षकांकडे हातवारे करत होता, तो धावत आला, बॉल त्याच्या हाताला लागून उडाला आणि मागे एकट्या उभ्या वॉशिंग्टनच्या नोआ ब्राउनच्या हातात. १८-१५. घरात सगळे गप्प, मुलगा जिन्यावर जाऊन बसला. तिथून लागोपाठ १० मॅच हरलो. थँक्सगिव्हिंगला डेट्रॉईटमध्ये ३२ सेकंद आणि एक टाइमआउट हातात असताना तो घेतलाच नाही, २३-२० हरलो, दुसऱ्या दिवशी कोच मॅट एबरफ्लूसला काढलं. बेअर्सच्या शंभरावर वर्षांच्या इतिहासात सीझनच्या मध्यात कोच काढायची ती पहिलीच वेळ. केलेब त्या सीझनला ६८ वेळा सॅक झाला, म्हणजे बॉल हातात असताना त्याला पाडलं, दर मॅचला चार वेळा. प्रत्येक वेळी तो पोरगा उठून उभा राहायचा, ते बघून पोटात तुटायचं. शेवटची मॅच आमचे कट्टर वैरी ग्रीन बे पॅकर्सच्या घरात जाऊन २४-२२ जिंकलो तेवढंच समाधान.

सीझन संपला ५-१२. फ्रिजवर १२-५. मुलाने काही बोलायच्या आधी मी तो कागद काढायला गेलो तर म्हणाला, राहू दे बाबा.

२०२५ ला ड्राफ्टच्या आधीच काम झालं, आणि माझ्या मते हीच गोष्ट तुम्ही नीट लक्षात घ्या. जानेवारीत डेट्रॉईटच्या ऑफेन्सची सूत्रं हलवणारा बेन जॉन्सन हेड कोच म्हणून आणला. मार्चमध्ये जो थुनी, जोना जॅक्सन आणि ड्रू डालमन, तिघंही लाईनच्या मधल्या जागांवरचे, दोन गार्ड आणि एक सेंटर. पेपरात मोठे फोटो येतात अशी ही नावं नाहीत. मग ड्राफ्टमध्ये दहाव्या नंबरला टाईट एंड (लाईनच्या टोकाला उभा राहून बॉलही झेलणारा) कोल्स्टन लव्हलँड, यावर खूप जण कुरकुरले कारण कोल कमेट आहेच की मग दुसरा कशाला. दुसऱ्या राउंडमध्ये रिसीव्हर लुथर बर्डन आणि टॅकल, म्हणजे लाईनच्या टोकाचा गडी, ऑझी ट्रापिलो. आणि अगदी तळाला, २३३ व्या नंबरला, रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन धावणारा, काइल मोनान्गाय. शनिवारी दुपारी त्याचं नाव आलं तेव्हा आमच्या घरात कुणाचं लक्षही नव्हतं, मी अंगणातलं गवत कापत होतो.

मुलाने नवा कागद लावला, ८-९. जास्त लिहायची हिंमत नव्हती त्याची, आणि पहिल्या दोन मॅच हरलो तेव्हा मला वाटलं हे पण जास्तच होतंय की काय.

पुढे जे झालं ते तुमच्या ऑफिसातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असणार. सिनसिनाटीला १७ सेकंद उरलेले असताना त्याच लव्हलँडने ५८ यार्डांचं टचडाउन करून ४७-४२ मॅच काढली. नोव्हेंबरात फिलाडेल्फियाला, सुपर बोल जिंकलेल्या टीमच्या घरात, मोनान्गाय १३० यार्ड धावला आणि आमचाच दुसरा रनिंग बॅक डिआंद्रे स्विफ्ट १२५. हे असं होतं कारण पुढची लाईन रस्ता काढून देत होती. केलेबचे सॅक ६८ वरून २४ वर आले. पोरगा तोच, हात तोच. ११-६, डिव्हिजन आमची, आणि प्लेऑफमध्ये आमच्या घरच्या सोल्जर फील्डवर पॅकर्सविरुद्ध हाफ टाइमला २१-३ मागे असताना ३१-२७ जिंकलो! त्या रात्री माझा आवाज बसला तो तीन दिवस. पुढच्या आठवड्यात रॅम्सकडून ओव्हरटाइममध्ये २०-१७ हरलो, वाईट वाटलं, पण एका वर्षात आम्ही कुठून कुठे आलो होतो.

आता तो कॅरोलिनाचा पिक आठवा. त्या एका ट्रेडमधून मूर आला, त्यातल्याच पिकांची फिरवाफिरव करून २०२३ ला टॅकल डार्नेल राइट आणि तो स्टीव्हन्सन आला, २०२४ ला केलेब, २०२५ ला बर्डन. ज्या राइटच्या निवडीवर तेव्हा अर्धे फॅन नाराज होते, चकचकीत कुणीतरी हवा होता त्यांना, तोच आज उजवीकडची भिंत आहे. २०२३ ला झालेल्या एका ट्रेडचं फळ दिसायला २०२५ चा सीझन उजाडला. १९८३ चा ड्राफ्ट पण असाच, शेजारचे काका सांगतात. त्यात जिम्बो कोव्हर्ट मिळाला, विली गॉल्ट मिळाला, आठव्या राउंडमध्ये २०३ व्या नंबरला रिचर्ड डेंट मिळाला. त्या वर्षी टीम ८-८, मग १०-६, मग १५-१ आणि सुपर बोल, आणि त्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू कोण तर डेंट. कोल्हापुरात आमचे वडील म्हणायचे, फॉरवर्ड बघून टाळ्या वाजवा पण पैज लावायची तर बॅक बघून लावा. तेच इथे.

म्हणून ऑफिसात ड्राफ्टच्या दुसऱ्या दिवशी कुणी अमुक वेबसाइटने आपल्याला ए ग्रेड दिली म्हणून नाचत आलं तर त्यांच्याबरोबर नाचा, खुशाल नाचा, तो आनंद खरा असतो आणि एप्रिल ते सप्टेंबर ही माणसं त्यावरच जगतात. फक्त यंदा किती जिंकू असं विचारलं तर तुम्ही उलट विचारा, लाईनवर कोण आहे, लेफ्ट टॅकल ठरला का, कोच तोच आहे का. बघा ते खुर्ची ओढून घेतात की नाही. शुक्रवारचे आणि शनिवारचे राउंड पण बघत चला, गुरुवारी रात्री सगळेच बघतात. आणि यंदा आमचा नंबर बराच उशिरा आहे, कारण जास्त जिंकलो ना, त्यामुळे पहिल्या रात्री खूप वेळ नुसतं बसावं लागेल, त्याची तयारी ठेवा.

२०२६ च्या एप्रिलात ड्राफ्ट पिट्सबर्गला आहे. मुलगा आता तेरा वर्षांचा झालाय, यंदाचा कागद त्याने आत्ताच तयार ठेवलाय. जिंकण्या-हरण्याचा आकडा अजून घातला नाही, वर फक्त पाच चौकोन काढलेत, लेफ्ट टॅकलपासून राइट टॅकलपर्यंत, आणि चौकोनांत नावं पेन्सिलीने लिहिली आहेत. तुम्ही जवळपास कुठे राहत असाल तर त्या गुरुवारी या आमच्याकडे, पोहे असतील.