लेंटचे (ईस्टरआधीच्या उपासकाळाचे) चाळीस दिवस उपास जमत नाही, म्हणजे माझा विश्वास कच्चा का? (जालन्याहून, शुगरची गोळी चालू आहे)

नाही, उपास मोडल्याने विश्वास कच्चा ठरत नाही. मी इथल्याच चर्चमध्ये संडे स्कूल घेते, हा प्रश्न दरवर्षी येतो. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात येशू सांगतो, उपास करताना तोंड उतरवून बसू नका. डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, म्हणजे तुमचा उपास लोकांना कळणार नाही. कुणाला दिसलं की नाही, याचा हिशोब तिथे नाहीच. कॅथलिक असाल तर सक्तीचा उपास फक्त राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे, तोही १८ ते ५९ वयाला, आणि आजारी माणसाला सूट. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुधा सक्ती नसते. फक्त ‘माझं मन शुद्ध आहे, पुरे’ म्हणून प्रार्थना, दानधर्म सगळंच सोडू नका, कृतीवाचून विश्वास मेलेला, असं बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात आहे. गोळी वेळेवर घ्या, जेवा, आणि एका जेवणाचे पैसे गरजूला द्या.