कार्ड दिसते, मग ड्रायव्हर चुकीचा का लागतो? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची आहेत: संगणकाच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसणारी एफपीजीए (आतली रचना पुन्हा पुन्हा बदलता येणारी चिप) असलेली कार्डे आणि त्यांना योग्य ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा प्रोग्राम, मिळवून देण्याची रीत. साधे नेटवर्क कार्ड आयुष्यभर एकच काम करते. एफपीजीए कार्डाच्या चिपमध्ये मात्र आज कॅमेऱ्याची चित्रे घेणारी रचना असते आणि उद्या त्याच चिपमध्ये मोटर चालवणारी रचना भरता येते. त्यामुळे अशा कार्डाच्या दोन ओळखी सांभाळाव्या लागतात, एक कार्डाची आणि दुसरी त्या घटकेला आत असलेल्या रचनेची. पुढील चारही अडचणी या दोन ओळखींची सरमिसळ झाल्याने किंवा त्यांपैकी एक वेळेवर न मिळाल्याने उद्भवल्या आहेत. पत्रांचा मजकूर संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचा तपासणी यंत्रे बनवण्याचा लहान कारखाना आहे. आम्ही एकाच संगणकात दोन एफपीजीए कार्डे बसवतो, एक कॅमेऱ्यांसाठी आणि एक सर्व्हो मोटरसाठी. दोन्हींवर आर्टिक्स-७ चिप आहे. लिनक्सवर यंत्र कधी सुरळीत सुरू होते, तर कधी मोटरच्या कार्डाला कॅमेऱ्याचा ड्रायव्हर लागतो आणि यंत्र अडकते. एलएसपीसीआय या उपकरणांची यादी दाखवणाऱ्या आज्ञेत दोन्ही कार्डांपुढे '१०ईई:७०२४' आणि 'सिरियल कंट्रोलर' असेच दिसते. दोष कुठे शोधावा?

उत्तर : दोष तुम्ही दिलेल्या त्या दोन आकड्यांतच आहे. संगणक सुरू होताना प्रत्येक स्लॉटमधील उपकरणाची कॉन्फिगरेशन स्पेस, म्हणजे ओळखीची माहिती असलेली जागा, वाचली जाते. तिच्या पहिल्या दोन बाइटांत उत्पादकाचा क्रमांक, म्हणजे व्हेंडर आयडी असतो आणि पुढच्या दोन बाइटांत डिव्हाइस आयडी असतो. व्हेंडर आयडी पीसीआय-सिग ही संस्था देते. १०ईई हा (अंकांसोबत अक्षरे वापरणाऱ्या हेक्स पद्धतीतला) एफपीजीए बनवणाऱ्या झायलिंक्सचा क्रमांक आहे; ही कंपनी २०२२ पासून एएमडीकडे आहे. अल्टेरा आणि लॅटिस या इतर उत्पादकांचे क्रमांक अनुक्रमे ११७२ आणि १२०४. ७०२४ हा आकडा मात्र तुमच्या अभियंत्याने निवडलेला नसून रचना तयार करताना झायलिंक्सच्या साधनाने आपोआप भरलेला आहे. त्यातील ७ म्हणजे सातवी मालिका, २ म्हणजे पीसीआय एक्सप्रेसची दुसरी पिढी आणि ४ म्हणजे चार लेन, अर्थात माहितीच्या चार समांतर वाटा. कार्ड स्लॉटशी कसे जोडले आहे एवढेच तो सांगतो, कार्ड काय काम करते याविषयी त्यात काहीच नाही. तुमची दोन्ही कार्डे सारख्याच पद्धतीने जोडलेली असल्यामुळे दोघांनाही तोच क्रमांक मिळाला आहे.

आता कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा असलेला प्रोग्राम, काय करते ते पाहू. उपकरण सापडले की या आयडींपासून ते मोडएलियास नावाची एक ओळ तयार करते. तुमच्या कार्डासाठी ती साधारण अशी असेल: 'पीसीआय:व्ही००००१०ईईडी००००७०२४एसव्ही००००१०ईईएसडी०००००००७बीसी०७एससी००आय०१'. 'व्ही' आणि 'डी' यांच्यापुढे व्हेंडर व डिव्हाइस, 'एसव्ही' आणि 'एसडी' यांच्यापुढे सबसिस्टिम व्हेंडर व सबसिस्टिम डिव्हाइस, आणि 'बीसी', 'एससी', 'आय' यांच्यापुढे उपकरणाचा वर्ग, उपवर्ग व इंटरफेस असतो. प्रत्येक ड्रायव्हर आपल्याला चालणाऱ्या आयडींचा तक्ता सोबत घेऊन येतो आणि डेपमॉड ही आज्ञा असे सर्व तक्ते एका फाइलमध्ये एकत्र करते. यूडेव्ह हा उपकरणांची दखल घेणारा प्रोग्राम कर्नलने दिलेली ओळ मोडप्रोबकडे पाठवतो आणि मोडप्रोब त्या ओळीशी जुळणारी मॉड्यूल्स, म्हणजे ड्रायव्हर, लोड करतो. एकाहून अधिक मॉड्यूल्स जुळली तर तो सर्वच लोड करतो. त्यांतील ज्या ड्रायव्हरची प्रोब ही पहिली तपासणी आधी यशस्वी होते, त्याला उपकरण मिळते. तुमच्या दोन्ही ड्रायव्हरांच्या तक्त्यांत १०ईई आणि ७०२४ एवढेच लिहिलेले असेल आणि प्रोबमध्ये काहीही न पडताळता होकार दिला जात असेल, तर कोणता ड्रायव्हर कोणत्या कार्डाला लागेल हे केवळ लोड होण्याच्या क्रमावर ठरते. एके दिवशी यंत्र चालते आणि दुसऱ्या दिवशी अडकते ते यामुळे.

दुरुस्ती दोन पातळ्यांवर करावी, आणि दोन्ही कराव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. पहिली पातळी सबसिस्टिम आयडीची. चिप एकच असली तरी कार्डे वेगळी आहेत हे सांगण्यासाठीच ही जागा राखलेली असते. कॅमेऱ्याच्या आणि मोटरच्या रचनेत सबसिस्टिम डिव्हाइस आयडी वेगळे भरा आणि ड्रायव्हरच्या तक्त्यात केवळ व्हेंडर व डिव्हाइस न लिहिता चारही आकडे लिहा. यंत्रे तुमच्याच कारखान्यात राहणार असतील तर एवढ्याने भागेल. ती बाहेर विकणार असाल तर पीसीआय-सिगचे सदस्यत्व घेऊन स्वतःचा व्हेंडर आयडी मिळवणे हाच सरळ मार्ग आहे; दुसऱ्या कंपनीचा एखादा मोकळा दिसणारा क्रमांक उचलल्यास ग्राहकाच्या संगणकात तो केव्हा कोणाशी आदळेल याचा नेम नसतो. एफएफएफएफ हा आकडा तर व्हेंडर आयडी म्हणून कधीच वापरता येत नाही, कारण स्लॉट रिकामा असला की वाचताना हाच आकडा मिळतो.

दुसरी पातळी रचनेच्या आतली. कार्डाच्या पहिल्या मेमरी क्षेत्राच्या, म्हणजे बार-शून्यच्या आरंभी काही रजिस्टरे ओळखीसाठी राखून ठेवा: एक ठरावीक खूणसंख्या, रचनेचा प्रकार आणि तिची आवृत्ती. ड्रायव्हरने प्रोबमध्ये इतर कोणत्याही रजिस्टरवर लिहिण्याआधी ही वाचावीत आणि ती न जुळल्यास 'ईनोडेव्ह' (असे उपकरण नाही) हे उत्तर परत करावे. तसे केल्यास कर्नल निमूटपणे पुढच्या ड्रायव्हरला विचारते. एखाद्या कामगाराने चुकून कॅमेऱ्याची बिटस्ट्रीम (चिपमध्ये भरायच्या रचनेची फाइल) मोटरच्या कार्डात भरली तर सबसिस्टिम आयडीही कॅमेऱ्याचाच दिसेल, त्यामुळे कार्डावरच्या ईप्रॉम या छोट्या मेमरीत कार्डाचा प्रकार कायमचा नोंदवून ठेवणे आणि रचनेची ओळख त्याच्याशी ताडून पाहणे अधिक चांगले. ज्या कार्डाच्या एका रजिस्टरवर लिहिताच सर्व्हो मोटर फिरू शकते, त्याच्या बाबतीत ही पडताळणी कामगाराच्या हातापायांच्या सुरक्षिततेची बाब आहे आणि ती वगळू नये.

'सिरियल कंट्रोलर' हेही त्या साधनाने आपोआप भरलेल्या वर्गामुळे दिसते. बीसी०७ आणि एससी०० म्हणजे सिरियल पोर्ट. लिनक्सचा ८२५० सिरियल ड्रायव्हर या वर्गातील कोणत्याही उपकरणाची चौकशी करतो. तुमच्या कार्डात आय-ओ पोर्ट नसल्यामुळे सहसा तो माघार घेतो, परंतु मुळात त्याला बोलावण्याचेच कारण नाही. प्रक्रिया वेगवान करणाऱ्या कार्डांसाठी १२ हा वर्ग आहे आणि कोणत्याच वर्गात न बसणाऱ्या उपकरणांसाठी एफएफ. यांतील जो खरा असेल तो भरा.

हे बदल होईपर्यंत काम चालू ठेवायचे असेल तर सिसएफएसमधील (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी व्यवस्था) 'ड्रायव्हर ओव्हरराइड' या फाइलचा उपयोग होतो. तिच्यात ड्रायव्हरचे नाव लिहिले की त्या विशिष्ट स्लॉटमधल्या उपकरणाला तोच ड्रायव्हर लागतो. ही सोय कर्नलच्या ३.१६ या आवृत्तीपासून आहे. मात्र ती स्लॉटच्या पत्त्यावर अवलंबून असते, त्यामुळे कार्डांची अदलाबदल झाली की उपाय उलटतो.

प्रश्न : मी कर्वेनगरच्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या प्रकल्पाचे कार्ड संगणक सकाळी सुरू केल्यावर डिटेक्टच होत नाही, पण रीस्टार्ट केल्यावर लगेच दिसते. प्रयोगशाळेतील दुसऱ्या संगणकात ते पहिल्याच वेळी दिसते. स्लॉट खराब आहे का?

उत्तर : स्लॉटवर संशय घेण्याआधी वेळेचा हिशेब करा. बहुतेक एफपीजीएंची रचना वीज जाताच पुसली जाते आणि वीज आली की कार्डावरील फ्लॅश मेमरीतून पुन्हा भरावी लागते. पीसीआय एक्सप्रेसच्या नियमानुसार वीज स्थिर झाल्यापासून किमान १०० मिलिसेकंदांनी रीसेट (कार्डाला थांबवून ठेवणारा संकेत) उठतो आणि त्यानंतर २० मिलिसेकंदांच्या आत कार्डाने जोडणीची प्रक्रिया सुरू केलेली असावी लागते. म्हणजे भरवशाची मुदत जेमतेम १२० मिलिसेकंदांची आहे. आर्टिक्स-७ मालिकेतील ३५टी चिपची बिटस्ट्रीम सुमारे १ कोटी ७५ लाख बिटांची असते. फ्लॅश एका वायरीने आणि ३ मेगाहर्ट्झ या मूळ वेगाने वाचली तर तिला जवळजवळ ६ सेकंद लागतात. तेच चार वायरींनी आणि ५० मेगाहर्ट्झने वाचल्यास सुमारे ८८ मिलिसेकंद लागतात आणि मुदत पाळली जाते. किंटेक्स-७ ३२५टीची बिटस्ट्रीम मात्र ९ कोटी १५ लाख बिटांची आहे आणि याच वेगाने तिला साडेचारशे मिलिसेकंदांहून अधिक लागतात. अशा मोठ्या चिपसाठी पीसीआयचा भाग आधी आणि उरलेली रचना नंतर भरण्याची पद्धत वापरतात. झायलिंक्सकडे तिला टँडम म्हणतात आणि अल्टेराकडे सीव्हीपी.

रीस्टार्टमध्ये कार्डाची वीज जात नाही, रचना शाबूत राहते, म्हणून कार्ड दिसते. तुमचा दुसरा संगणक उपकरणे शोधायला थोडा उशिरा सुरुवात करत असणार. त्याच्या संथपणावर विसंबू नका. बिटस्ट्रीम संकुचित करा, फ्लॅश चार वायरींनी वाचा आणि वेग वाढवा. सादरीकरणाच्या दिवशी अडचण आलीच तर सिसएफएसमधील पीसीआयच्या 'रीस्कॅन' फाइलमध्ये १ लिहून पाहा. मात्र सुरुवातीला त्या स्लॉटसाठी पुरेशी मेमरी राखली गेली नसेल, तर कार्ड दिसूनही त्याचे बार वापरता येत नाहीत.

प्रश्न : तपकीर गल्लीतून मी एक जुने एफपीजीए कार्ड घेतले. चिपवर हीटसिंक चिकटवलेला आहे आणि कार्डावर कंपनीचे नाव नाही. नऱ्ह्याला घरी आणून स्लॉटमध्ये लावले तर एलएसपीसीआयमध्ये काहीच येत नाही. ते ओळखायचे कसे?

उत्तर : फ्लॅश कोरी असेल तर स्लॉटच्या बाजूने कार्ड मुकेच राहणार. अशा वेळी जेटॅगने, म्हणजे चिपशी थेट बोलणाऱ्या चाचणी-जोडणीने, विचारावे. कार्डावरील जेटॅगच्या पिना शोधून केबल जोडा आणि ओपनओसीडी किंवा ओपनएफपीजीएलोडर यांपैकी एका साधनाने चिपचा आयडीकोड वाचा. हा ३२ बिटांचा आकडा कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला असतो आणि रचना भरलेली असो वा नसो, तो मिळतो. समजा '०३६२डी०९३' असे उत्तर आले. शेवटचा बिट नेहमी १ असतो, त्याच्या आधीचे ११ बिट उत्पादकाचे, त्याआधीचे १६ बिट चिपच्या प्रकाराचे आणि सर्वांत डावीकडचे ४ बिट सिलिकॉनच्या आवृत्तीचे असतात. उजवीकडच्या ०९३ वरून झायलिंक्स कळते आणि ३६२डी वरून आर्टिक्स-७ ३५टी. तुलना करताना डावीकडचा पहिला अंक सोडून द्या, कारण नव्या आवृत्तीच्या चिपमध्ये तो बदलतो.

मात्र आयडीकोड चिप सांगतो, कार्ड सांगत नाही. कोणती पिन मेमरीला जाते, कोणती घड्याळाला आणि कोणती थेट दुसऱ्या चिपच्या आउटपुटला, हे त्यातून कळत नाही. तीच चिप असलेल्या दुसऱ्या कार्डाची तयार बिटस्ट्रीम यात भरू नका. दोन आउटपुट एकमेकांविरुद्ध चालले तर पिन किंवा शेजारची चिप जळू शकते. प्रथम वापरात नसलेल्या सर्व पिना इनपुट ठेवणारी आणि केवळ पीसीआयचा भाग असलेली छोटी रचना तयार करा. पीसीआयच्या लेन आणि १०० मेगाहर्ट्झचे घड्याळ कार्डाच्या सोनेरी कडेपासून चिपपर्यंत जाताना मल्टिमीटरने आणि भिंगाने माग काढता येतो. काम वेळखाऊ आहे, पण कार्ड वाचते.

प्रश्न : पाषाण येथील संशोधन संस्थेत आम्ही सर्व्हर चालू असतानाच कार्डातील रचनेचा काही भाग बदलतो. पीसीआय आयडी तर तोच राहतो. मग ड्रायव्हरला बदल कळावा कसा?

उत्तर : पीसीआय आयडी तोच राहणे येथे योग्यच आहे, कारण स्लॉटशी बोलणारा स्थिर भाग बदललेला नसतो. बदलणाऱ्या भागाची ओळख आतून द्यावी लागते. इंटेलच्या कार्डांसाठी लिनक्समध्ये २०१८ साली, ४.१९ या आवृत्तीत, डीएफएल नावाची चौकट आली. तिच्यात कार्डाच्या मेमरी क्षेत्रात शीर्षकांची एक साखळी असते आणि प्रत्येक शीर्षक पुढचे शीर्षक किती अंतरावर आहे हे सांगते. बदलणाऱ्या भागाच्या शीर्षकात १२८ बिटांचा ओळख क्रमांक असतो, आणि तुमच्या प्रोग्रामने तो जुळल्याशिवाय काम सुरू करू नये. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत याच हेतूने रचनेच्या आत एसडीबी नावाचा स्ववर्णन करणारा तक्ता ठेवतात आणि त्यात प्रत्येक घटकाचा उत्पादक, प्रकार व आवृत्ती नोंदवलेली असते. स्वतःची पद्धत बसवण्याआधी या दोन्ही अभ्यासाव्यात असे मी आग्रहाने सुचवेन.

झायलिंक्सच्या अल्व्हिओ कार्डांत व्यवस्थापनासाठी एक आणि वापरकर्त्यासाठी एक, अशी दोन पीसीआय फंक्शन्स असतात आणि त्यांना वेगवेगळे ड्रायव्हर लागतात. वापरकर्त्याचे फंक्शन आभासी संगणकाला देऊन बिटस्ट्रीम बदलण्याचा अधिकार मूळ सर्व्हरकडे ठेवता येतो. तुमच्या सर्व्हरवर अनेक विद्यार्थी काम करत असतील तर ही विभागणी फार उपयोगी आहे.

स्थिर भागासकट संपूर्ण बिटस्ट्रीम बदलायची असेल तर मात्र क्रम पाळा. आधी ड्रायव्हर सोडवा, मग सिसएफएसमधील त्या उपकरणाच्या 'रिमूव्ह' फाइलमध्ये १ लिहून उपकरण काढून टाका, त्यानंतर जेटॅगने रचना भरा आणि शेवटी रीस्कॅन करा. उपकरण न काढताच रचना बदलली तर कार्डाचे बार पुसले जातात, ड्रायव्हर जुन्याच पत्त्यांवर वाचत राहतो आणि सर्व्हर जागीच थिजू शकतो. जोडणी तुटताच काही सर्व्हर ती गंभीर चूक समजून स्वतःहून रीस्टार्ट होतात, म्हणून पहिली चाचणी इतरांचे काम चालू नसताना घ्यावी.