बॉब डिलनच्या ‘हरिकेन’ गाण्यामुळे रुबिन कार्टर तुरुंगातून सुटला का?

नाही. कार्टर निर्दोष असल्याचं सांगणारं हे गाणं आलं १९७५ मध्ये आणि कार्टर सुटला १९८५ मध्ये, तोही अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) न्यायालयाच्या निकालामुळे. हा कृष्णवर्णीय बॉक्सर आणि त्याचा सहआरोपी जॉन आर्टिस यांना न्यू जर्सीतल्या पॅटरसनमधील १९६६ च्या तिहेरी खुनासाठी जन्मठेप झाली होती. गाण्यानंतर काही महिन्यांतच, मार्च १९७६ मध्ये शिक्षा रद्द झाली, म्हणून श्रेय डिलनला जातं. पण त्या निकालाचं कारण वेगळं होतं: साक्षीदारांना दिलेली आश्वासनं बचाव पक्षापासून लपवली गेली होती. शिवाय त्याच वर्षअखेरीस फेरखटल्यात दोघे पुन्हा दोषी ठरले, हे बहुतेक जण विसरतात. शेवटी १९८५ मध्ये फेडरल न्यायाधीश सारोकिन यांनी निकालपत्रात स्पष्ट लिहिलं की सरकारी पक्षाची भिस्त विवेकावर नव्हती, वर्णद्वेषावर होती, आणि पुरावेही दडवले गेले. १९८८ मध्ये आरोप रद्द झाले.

तरी गाणं वाया गेलं असं मात्र नाही. त्यामुळे प्रकरण देशभर पोचलं, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बचावनिधीसाठी कार्यक्रमही झाला. फक्त ते पुरावा म्हणून ऐकू नका. कार्टरला त्यात विजेतेपदाचा अव्वल दावेदार केलंय, तसा तो तेव्हा नव्हता.