पूरग्रस्त कुटुंबे आणि हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रिया यांच्यासोबत काम करण्यासाठी दोन दिवसांची कार्यशाळा पुरेशी आहे का?

तुम्ही विचारले आहे की, मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर कोल्हापूर परिसरात पूरग्रस्तांसोबत आणि घरगुती हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांसोबत समुपदेशनाचे काम करायचे असेल, तर दोन दिवसांची ‘ट्रॉमा कार्यशाळा’ आणि तिचे प्रमाणपत्र पुरेल का, आणि पुरत नसेल तर आणखी काय शिकावे. मी याच जिल्ह्यात बरीच वर्षे समुपदेशक म्हणून काम करते आणि नव्याने या कामात येणाऱ्यांच्या कामावर देखरेखही करते. दोन दिवसांत एक गोष्ट नीट शिकता येते, ती म्हणजे मानसिक प्रथमोपचार. आघातावरचे, म्हणजे ट्रॉमावरचे, उपचार दोन दिवसांत शिकता येत नाहीत. आणि ज्या प्रशिक्षणात तुमचे प्रत्यक्ष काम कोणी अनुभवी माणूस ऐकत नाही, त्यावर बोलत नाही, ते दुरुस्त करत नाही, ते कितीही महिन्यांचे असले तरी माझ्या मते अपुरेच राहते.

मानसिक प्रथमोपचारापासून सुरुवात करा, कारण त्याची गरज तुम्हाला पहिल्याच पावसाळ्यात पडेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रत्यक्ष मदतकार्य करणाऱ्यांसाठी याची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. पाहणे, ऐकणे आणि जोडून देणे या तीन कृती हा तिचा गाभा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली (इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे), तेव्हा शिरोळ आणि करवीर तालुक्यांतली कितीतरी गावे शाळांत आणि मंगल कार्यालयांत येऊन राहिली होती. अशा निवारा केंद्रात पाहायचे म्हणजे कोण एकटे बसले आहे, कोणाच्या रक्तदाबाच्या गोळ्या घरातच राहिल्या आहेत, बाळंतीण कुठे झोपली आहे, स्त्रियांच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या वाटेवर रात्री दिवा आहे का, हे पाहायचे. ऐकायचे म्हणजे माणूस जेवढे सांगेल तेवढेच ऐकायचे. जोडून द्यायचे ते तलाठ्याशी, पंचनाम्याच्या यादीशी, ताटातूट झालेल्या नातेवाइकांशी, आशा सेविकेशी आणि पशुवैद्यकाशी. आपल्याकडे पशुवैद्यक या यादीत फार वर येतो, कारण ज्या घराने दावी कापून म्हशी सोडून दिल्या आहेत, त्या घरातला माणूस म्हशींचा ठावठिकाणा लागेपर्यंत दुसऱ्या कशावर बोलूच शकत नाही. त्याच्या मनाची काळजी घ्यायची असेल, तर त्या दिवशी म्हशींचा शोध घेणे हेच समुपदेशकाचे काम आहे.

या टप्प्यावर काय करायचे नाही, हे शिकणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. एके काळी आपत्तीनंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून घडलेला प्रसंग तपशिलाने सांगायला लावण्याची पद्धत जगभर वापरली जात असे. पुढे झालेल्या अभ्यासांत अशा एका बैठकीमुळे नंतरचे मानसिक विकार टळत नाहीत असे दिसले, काही अभ्यासांत तर अशा बैठकीला बसलेल्यांची स्थिती न बसलेल्यांपेक्षा वाईट आढळली, आणि जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही ही पद्धत वापरू नये असाच आहे. तरीसुद्धा प्रत्येक पुरानंतर कोणी ना कोणी वही घेऊन येतो आणि ‘पाणी घरात शिरले तेव्हा तुम्हाला काय वाटले?’ असे ओळीने विचारत सुटतो. त्याचा हेतू चांगलाच असतो. पण सांगणाऱ्याला तो प्रसंग पुन्हा सोसावा लागतो, आणि विचारणारा संध्याकाळी निघून गेलेला असतो. पहिल्या काही आठवड्यांत झोप न लागणे, दचकणे, तेच चित्र डोळ्यांपुढे येणे हे बहुतेकांना होते आणि बहुतेकांचे ते हळूहळू ओसरते. आघातोत्तर तणाव विकाराचे (पीटीएसडीचे) निदान लक्षणे एका महिन्याहून अधिक टिकल्याशिवाय केलेच जात नाही, हे प्रशिक्षणात पहिल्या तासाला सांगितले गेले पाहिजे.

त्यानंतरचा भाग मूल्यमापनाचा. इथे इंग्रजी प्रश्नावलीचे मराठी भाषांतर हातात घेऊन भागत नाही. आपली माणसे ‘मला आघात झाला’ असे म्हणत येत नाहीत. छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, हातापायांतले बळच गेले, अशी तक्रार घेऊन ती आधी डॉक्टरांकडे जातात. शिवाय कोल्हापुरात जुलै महिन्यात दर दोन तासांनी बंधाऱ्याची पातळी विचारणे हा आजार नाही. नदीकाठच्या माणसाचा तो शहाणपणा आहे. एप्रिलमध्ये, आभाळात ढगही नसताना, एखादी बाई धान्याची पिंपे माळ्यावर चढवून ठेवत असेल, मुलांना शाळेत पाठवत नसेल आणि रात्रभर जागून पाण्याचा आवाज येतो का ते ऐकत असेल, तर ती सावधगिरीच्या पलीकडे गेली आहे. हा फरक ओळखायला इथल्या माणसांचे नेहमीचे वागणे माहीत असावे लागते. या बाबतीत तुम्ही बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञाच्या दोन पावले पुढेच आहात.

हिंसाचाराचा प्रश्न पुराहून एका मूलभूत बाबतीत वेगळा आहे. पुराचे पाणी ओसरते. मारहाण करणारा नवरा मात्र अनेकदा त्याच घरात किंवा पुढच्या गल्लीत असतो. जिचा धोका संपलेला नाही, तिच्याशी भूतकाळातल्या आठवणींवर काम सुरू करण्याआधी ती आज रात्री कुठे झोपणार आहे, तिचा फोन कोण तपासते, मुले कोणाजवळ आहेत, हे विचारावे लागते. म्हणून प्रशिक्षणात कायद्याचा भाग असलाच पाहिजे: कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ आणि त्यातला संरक्षण अधिकारी, हिंसाचारग्रस्त स्त्रियांना एकाच ठिकाणी मदत देणारे सखी वन स्टॉप सेंटर, १८१ ही महिला हेल्पलाइन. गोपनीयतेची मर्यादाही इथेच शिकायची आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. पण समोर अठरा वर्षांखालील मूल असेल आणि लैंगिक अत्याचाराची माहिती पुढे आली, तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याच्या कलम १९ नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. हे पहिल्याच भेटीत, मुलाने काही सांगण्याआधी, त्याला समजेल अशा शब्दांत सांगायचे असते. आधी सगळे ऐकून घ्यायचे आणि मग ‘आता मला पोलिसांना कळवावे लागेल’ असे म्हणायचे, यात मुलाचा विश्वास कायमचा जातो.

आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारायला शिकवत नसतील, तर ते प्रशिक्षण सोडून द्या, असे मी स्पष्टच सांगेन. विचारल्याने विचार डोक्यात शिरतो ही भीती निराधार आहे. आपल्याकडचे नवे समुपदेशक ‘तसले काही मनात येत नाही ना?’ असे विचारतात आणि समोरचा माणूस साहजिकच ‘नाही’ म्हणतो, कारण प्रश्नातच त्याला उत्तर दिलेले असते. ‘जगणे नको वाटते का? जीव द्यावा असे मनात येते का? कसा, ते ठरवले आहे का?’ हे तिन्ही प्रश्न शांत आवाजात, नजर न चोरता विचारता येईपर्यंत सराव करावा लागतो. उत्तर ‘हो’ असेल तर त्याच बैठकीत सुरक्षा योजना तयार करायची असते, आणि शेतकरी घरात तिचा पहिला मुद्दा बहुधा एकच असतो: शेतावर फवारायचे औषध घरात कुठे ठेवले आहे आणि त्याची किल्ली आजपासून कोणाकडे राहील.

सरावाचे एक उदाहरण देते, म्हणजे देखरेखीत नेमके काय घडते ते कळेल. एका सत्रात एका प्रशिक्षणार्थीने पुरात घर पडलेल्या आजींची भूमिका घेतली होती आणि दुसरी समुपदेशक झाली होती. आजी म्हणाल्या, ‘सुनेच्या लग्नातलं भांडं न् भांडं गेलं.’ समुपदेशक लगेच म्हणाली, ‘आजी, जीव वाचला हेच मोठं. भांडी काय, पुन्हा घेता येतील.’ आजींची भूमिका करणारी मुलगी गप्प झाली आणि खाली बघू लागली. आम्ही तिथे थांबलो आणि तिला विचारले की आता तुला काय वाटते आहे. ती म्हणाली की पुढे बोलावेसेच वाटेना. मग तेच संभाषण पुन्हा केले. या वेळी समुपदेशक थोडे थांबून इतकेच म्हणाली, ‘कुठली भांडी होती?’ त्यावर आजी तांब्याच्या घंगाळाबद्दल बोलल्या, मग सुनेबद्दल, आणि शेवटी त्या रात्री सुनेला पाण्यातून एकटीला पुढे पाठवले याबद्दल बोलल्या. खरी बोच तिथे होती. हे पुस्तकात वाचून येत नाही. कोणीतरी शेजारी बसून योग्य क्षणी थांबवावे लागते.

उपचारपद्धतींकडे या पायानंतर वळा. आघातकेंद्रित बोधात्मक वर्तन उपचार (आघाताशी जोडलेले विचार आणि वागणे यांवर काम करणारी पद्धत) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालीच्या साहाय्याने आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत) या दोन्हींना भक्कम संशोधनाचा आधार आहे. ईएमडीआरबद्दल लोकांना फक्त डोळ्यांची हालचाल माहीत असते. प्रत्यक्षात त्या पद्धतीचे आठ टप्पे आहेत आणि डोळ्यांच्या हालचालीने आठवणीवर काम सुरू होते ते चौथ्या टप्प्यात. त्याआधी पूर्वेतिहास, तयारी आणि मूल्यमापन असते, आणि तयारीत व्यक्तीला स्वतःला सावरायची साधने दिली जातात. अमेरिकेतल्या ईएमडीआर संघटनेच्या निकषांनुसार मूलभूत प्रशिक्षणातच २० तास अध्यापन, २० तास सराव आणि १० तास स्वतःच्या कामावर सल्लामसलत असते. दोन दिवसांत ‘ईएमडीआर थेरपिस्ट’ करून देण्याची जाहिरात दिसली, तर या तासांशी ताडून पाहा.

एम.ए. ही पदवी तुम्हाला समुपदेशनाच्या दाराशी आणते. ‘चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ’ हे बिरुद मात्र भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा अभ्यासक्रम आणि नोंदणी यांशिवाय लावता येत नाही. निदान करणे आणि औषधांबद्दल बोलणे तुमच्या कक्षेत नाही, म्हणून एका मनोविकारतज्ज्ञाशी आधीच ओळख करून ठेवा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी संबंध ठेवा, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक कुटुंबाला लिहून द्या.

आता तुमच्या स्वतःच्या मनाबद्दल, कारण याला प्रशिक्षणात बहुधा शेवटची पंधरा मिनिटे मिळतात. इतरांचे आघात सतत ऐकणाऱ्याची जगाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. रस्त्यावरचा प्रत्येक पुरुष संशयित वाटू लागतो, स्वतःची मुले जरा उशिरा आली की काळजात धस्स होते. कोल्हापुरात यात आणखी एक भर पडते: पूर आला की समुपदेशकाचे घरही अनेकदा पाण्यात असते. शाहूपुरीत किंवा सुतारवाड्यात राहणाऱ्या कार्यकर्त्याने स्वतःचे सामान हलवून लगेच निवारा केंद्रात इतरांचे ऐकायला बसावे, ही अपेक्षा चुकीची आहे, आणि पहिले काही दिवस कामातून सूट मागणे हा त्याचा हक्क मानला गेला पाहिजे. ज्या संस्थेत रुजू व्हाल, तिथे पूर येण्याआधीच हे बोलून घ्या. दर आठवड्याला ठरावीक वेळी देखरेखीची बैठक होते का, एका दिवसात आघाताच्या किती केसेस देतात, हेही तेव्हाच विचारा.

शिकण्यासाठी बंगळूरची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आणि मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही दोन नावे मी आधी सांगेन. दोघांनीही आपत्तीनंतरच्या मनोसामाजिक कामाचा पाया आपल्या देशात घातला आहे. आपत्तीतील मनोसामाजिक साहाय्यावरची राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २००९ ची मार्गदर्शक तत्त्वेही वाचा. आणि कुठेही शुल्क भरण्याआधी आयोजकांना चार गोष्टी विचारा: सराव किती तासांचा आहे, प्रशिक्षणानंतर देखरेख किती महिने मिळेल, शिकवणारे स्वतः आजही रुग्ण पाहतात का, आणि सराव मराठीत होणार आहे का. चौथ्या प्रश्नावर अडून राहा. शिरोळच्या आजींशी तुम्हाला मराठीतच बोलायचे आहे.

तुम्ही ज्या दोन दिवसांच्या कार्यशाळेबद्दल विचारले आहे, तिच्यात मानसिक प्रथमोपचार शिकवत असतील तर ती जरूर करा, शक्यतो मे महिन्यातच. हिंसाचारातून आलेल्या स्त्रियांसोबतचे काम मात्र पहिले वर्षभर कोणा अनुभवी समुपदेशकाच्या सोबतीने, सहायक म्हणूनच करा.