आधी गावात वाच

प्रिय मुली,

तुझं पत्र रात्रीच वाचलं. तुझ्या अभ्यासाच्या परवानगीबद्दल गाव म्हणतंय, ‘पुढच्या ग्रामसभेत बघू.’ गाइड म्हणतात, मार्चच्या आत तीनशे प्रश्नावल्या भरून आण. आणि तू विचारतेस, पाटलाला तोंडी सांगून काम सुरू केलं तर चालेल का? चालेल की. माझंही चाललं होतं. पदवी मिळते.

गडचिरोलीतल्या एका कोइतूर, म्हणजे गोंड, गावात मी शाळेचा हजेरीपट घेऊन बसलो होतो. मार्च-एप्रिलात अर्धा वर्ग गैरहजर. प्रबंधात ‘पालकांची अनास्था’ लिहून मोकळा झालो. मोहाचं फूल पहाटे गळतं, ऊन चढायच्या आत वेचावं लागतं, घरातले सगळे हात टोपलीला लागतात आणि परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. हे कुणी माझ्यापासून लपवलं नव्हतं. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या अंगणात फुलं वाळत असायची. ती चुकवत, पाय उचलून टाकत मी रोज शाळेत जायचो!

बऱ्याच वर्षांनी तिथे गेलो, प्रबंधातला तो भाग सांगितला. त्या घरची म्हातारी हसली. म्हणाली, “मग फुलं काय मास्तरानं वेचायची होती?”

म्हणून सांगतो, जे लिहिशील ते आधी गावात वाच. गाइडला देण्याआधी, छापण्याआधी. गोंडी येत नसेल तर सांगणारा शोध, आणि त्याला त्याची मजुरी दे. फुकट राबवू नकोस.

गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाची ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तू प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर टाकली आहेस. छान दिसते. पण २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला तो घोषणेवर नाही. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतो. सगळ्यांचं जमेपर्यंत बोलत राहायचं. अभ्यासगट वेगळे, त्यात बाहेरचेही बसतात. हक्क हातात आल्यावरही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी २०११ उजाडलं. आणि तुला एका ग्रामसभेपर्यंत थांबवत नाही? स्वशासनावर संशोधन करायचं आणि ग्रामसभाच टाळायची, हे तुला लिहितानाही खटकलं नाही?

रागावू नकोस. माझीही शिष्यवृत्ती संपत आली होती, घरी वडील अंथरुणाला खिळलेले. तेव्हा ना आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा होता, ना वनहक्क कायदा. गावाची परवानगी घ्यायची असते हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. सबब म्हणून सांगत नाही. बरं, सबब म्हणूनच सांगतोय. पण तुझ्याकडे तीही नाही. १९९६ आणि २००६, दोन्ही कायदे तूच संदर्भात दिले आहेस.

आधी गावात वाच. त्यांनी खोडलं तर खोडलेलंही प्रबंधात ठेव.

गाइडना मी फोन करतो, त्यांचा माझ्यावर राग आहेच, थोडा वाढेल. तू सभेची तारीख कळव.